साइटला न सोसणारा हात

चष्म्याच्या दुकानात इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. आत जागा उरली नाही म्हणून लोक फुटपाथवर उभे होते, आणि फुटपाथ भरला म्हणून समोरच्या औषधवाल्याच्या पायरीवर. सगळ्यांचे डोळे काउंटरवरच्या कॉम्प्युटरला चिकटलेले. त्याचा पडदा पांढराफटक होता. अक्षर नाही, चित्र नाही, काही म्हणजे काही नाही. आणि त्या पडद्यावर उजवा तळवा टेकवून, डोळे मिटून, अंगावर राखाडी शाल घेऊन सर्व्हरस्वामी बसले होते.

"साइट दुखावली आहे," स्वामी खर्जात म्हणाले. "गाभा तापलाय. मेमरीत वायू धरलाय. आता सगळ्यांनी पाठ फिरवा. उघडी पडलेली साइट माणसांना लाजते."

सगळ्यांनी पाठ फिरवली. समोरच्या भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता. इतके लोक तो इतक्या भक्तिभावाने वाचताना त्या दुकानाने पूर्वी पाहिले नसतील. मागे शालीखाली काहीतरी हलल्याची बारीक टकटक ऐकू येत होती. "बोटांचा जप चाललाय," औषधवाला माझ्या कानात म्हणाला.

"वळा," स्वामी म्हणाले.

वळून पाहतो तर पडदा भरलेला. चष्म्यांच्या फ्रेमच्या रांगाच्या रांगा, किमती, आणि खाली ते ओळखीचं बटण : 'आपला नंबर पाठवा'. लोकांच्या तोंडून एकच 'अहाहा' निघाला. औषधवाल्याने हात जोडले. दुकानाचे मालक, ज्यांना अख्खा रस्ता आप्पा म्हणतो, त्यांनी डोळे पुसले. माझा चष्मा काच बदलायला याच दुकानात पडलेला असल्यामुळे मला हे सगळं धूसर दिसत होतं. बाकीच्यांना चष्मा लावून धूसर दिसत होतं, एवढाच फरक.

पण स्वामी उठले नाहीत. "तिसऱ्यांदा उठवली हिला," ते म्हणाले. "चौथ्यांदा उठेलच असं मी सांगत नाही. या घरात एक हात आहे. तो हिला सोसत नाही." मग त्यांनी विचारलं, "सोमवारी सकाळी साइटला पहिला हात कोण लावतं?"

सगळ्या माना नजर तपासायच्या खुर्चीकडे वळल्या. तिथे आप्पांची धाकटी सून उभी होती, हातात पुसायला घेतलेली काच तशीच धरून.

आता ही साइट म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगतो. दुकान जुनं, पण गिऱ्हाईक रस्त्यापुरतं. धाकटी या घरात आली आणि तिने दुकानाची साइट उघडायला लावली. दूरदूरची माणसं घरबसल्या आपला नंबर पाठवायची, फ्रेम निवडायची. मागच्या खोलीत धाकटा, म्हणजे तिचा नवरा, काचा घासून बसवायचा आणि पार्सल निघायचं. आप्पांचा थोरला मुलगा काउंटर सांभाळायचा, आणि धाकटी माणसांचे डोळे तपासायची. सकाळी दुकान उघडलं की साइटवर लॉगिन करून आलेल्या ऑर्डरी पाहायचं कामही तिचंच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सोमवारी धाकटीने लॉगिन केलं आणि साइट पांढरी झाली. थोरल्याच्या कुणा मित्राने या स्वामींचा पत्ता दिला. स्वामींच्या कार्डावर 'डिजिटल दोषनिवारक' असं छापलेलं होतं. ते आले, त्यांनी पासवर्ड मागून घेतला (त्याला ते 'साइटचं गुप्त नाव' म्हणत), सगळ्यांना पाठ फिरवायला लावली, आणि साइट उठली. पुढल्या सोमवारी धाकटीने लॉगिन केलं आणि साइट पुन्हा पांढरी. त्याच्या पुढल्या सोमवारीही तेच. इतर दिवशी तीच बाई, तेच लॉगिन, आणि साइट ठणठणीत. सोमवारी मात्र तिचा हात लागला की खेळ खलास. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, तेव्हा योगायोग म्हणून उडवून लावायची सोय मलाही नव्हती.

स्वामींनी तोडगा सांगितला. आजच पासवर्ड बदला. नवा पासवर्ड थोरल्याकडे राहील आणि त्यांच्याकडे. धाकटीने कॉम्प्युटरपासून लांब राहायचं. येत्या सोमवारी थोरल्याच्या हाताने साइट उघडायची. उघडली, तर दोष कुठे होता ते सिद्ध झालं, आणि मग त्या हाताने घरातही राहू नये. निदान काही महिने.

"काही महिने म्हणजे कुठे राहायचं तिनं?" आप्पांनी विचारलं.

"माहेरी," थोरला म्हणाला. स्वामींना बोलावंही लागलं नाही.

मागच्या खोलीत धाकट्याने हे ऐकलं आणि काच घासायचं मशीन सुरू केलं. मशीनमध्ये त्या वेळी काच नव्हती.

बायकोला पांढऱ्या पायाची म्हणणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. पांढऱ्या बोटांची सून हा नवा शोध होता. आणि शोध लागला की त्याची शाखा निघायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत एक आजीबाई नंबर काढायला आल्या, खुर्चीत बसल्या, आणि धाकटीने तपासणीची ती गोल जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवताच मागे सरकल्या. "दुसरं कुणी नाही का गं?" त्यांनी विचारलं. "तसं काही नाही, पण डोळ्यांचं काम आहे." धाकटीने फ्रेम काढून घेतली, पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं. साइट जाणार होती ती जाणार होतीच. आता तिचा हातातला धंदाही चालला होता, आणि सोमवारनंतर घर.

मी माझा चष्मा न्यायला गेलो तेव्हा ती दुकानात नव्हती. शेजारच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरबाई बसतात. त्या कुणाचंही दोन वाक्यांपेक्षा जास्त ऐकून घेत नाहीत, त्यामुळे रोगी त्यांना घाबरतात आणि बरे होतात. धाकटी त्यांच्याकडे बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी आत डोकावलो.

"या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला अक्कल आहे असं लोक म्हणतात. बसा आणि गप्प राहा."

तर झालं होतं असं. स्वामी साइट उठवून गेल्यावर आणि थोरल्याने पासवर्ड बदलण्याआधी जी थोडी फट मिळाली, तेवढ्यात धाकटीने साइटची अख्खी प्रत आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. खरी साइट तिच्या हातून गेली, पण तिचं जुळं भावंड तिच्याजवळ राहिलं होतं. डॉक्टरबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. रोग्याला नीट दिसत नसेल तर तू काय करतेस? धाकटी म्हणाली, एकेक काच बदलून पाहते. दोन काचा एकदम बदलल्या तर कुठल्या काचेने फरक पडला तेच कळत नाही. "मग इथे का नाही करत?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "की साइटला डोळे नाहीत म्हणून?"

इथे थोडं आतलं सांगायला हवं. साइट एकसंध नसते. एक मूळ सॉफ्टवेअर असतं आणि त्याला बाहेरून जोडलेली छोटी छोटी सॉफ्टवेअरं असतात. त्यांना प्लगिन म्हणतात. एक खरेदीची टोपली सांभाळतं, एक पैसे घेतं, एक चित्रं लहान करतं, आणि या साइटवर एक नंबरचा फॉर्म भरून घेत होतं. प्रत्येकाचा बनवणारा वेगळा, आणि प्रत्येकजण आपापल्या मर्जीने नवी आवृत्ती काढतो. एकमेकांना विचारून कुणी काढत नाही.

धाकटीने प्रतीमधल्या प्लगिनांची यादी उघडली. टोपलीच्या प्लगिनची नवी आवृत्ती आलेली होती. तिने ती चढवली. लॅपटॉपचा पडदा पांढरा झाला. मग तिने एकेका प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलायला घेतलं, कारण नाव बदललं की साइटला तो सापडत नाही आणि ती त्याच्याशिवाय चालते. चित्रांचा प्लगिन काढला, पांढरंच. परत ठेवला. पैशांचा काढला, पांढरंच. परत ठेवला. नंबरच्या फॉर्मचा काढला, आणि पडद्यावर फ्रेमच्या रांगा उभ्या राहिल्या. तिने तो परत ठेवला. पांढरं. काढला. रांगा. डॉक्टरबाईंनी तिला ते पुन्हा करायला लावलं, मग मला करायला लावलं. माझ्या हातूनही तेच झालं, आणि मी त्या घराची सून नाही.

फॉर्म जुना होता. बनवणाऱ्याने तो केव्हाच वाऱ्यावर सोडला होता. तो जुन्या ओळखीने टोपलीला एका नावाने हाक मारायचा आणि टोपलीच्या नव्या आवृत्तीत त्या नावाचं कुणी उरलेलं नव्हतं. हाकेला ओ मिळाली नाही की तो तिथेच बसायचा, आणि त्याच्याबरोबर सगळी साइट बसायची. दोन्ही प्लगिन आपापल्या जागी निर्दोष. एकत्र आले की छत्तीसचा आकडा.

"पण मग सोमवारीच का?" मी विचारलं. "आणि हिच्याच हातून का?"

गप्प राहायचं विसरलो होतो, पण डॉक्टरबाईंनाही तेच हवं होतं. धाकटी बराच वेळ सेटिंगची पानं चाळत राहिली. मग तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं, 'आपोआप अपडेट : चालू. आठवड्यातून एकदा, सोमवारी पहाटे.' म्हणजे टोपलीची नवी आवृत्ती साइट स्वतःच चढवून घ्यायची. पण पहाटे म्हटलं तरी साइट काही पहाटे स्वतःहून उठत नाही. तिचं हे ठरलेलं काम, वेळ झाल्यानंतर पहिल्यांदा कुणी तिला खरोखर जागं करेल तेव्हा सुरू होतं. गिऱ्हाइकांना तर साइटची आधीच काढून ठेवलेली नक्कल दिसते. त्यांच्या येण्याने ती जागी होत नाही. जो लॉगिन करतो, तोच तिला जागं करतो.

"म्हणजे मीच," धाकटी म्हणाली. "दर सोमवारी मीच."

"लॉगिन करणारा जो कुणी असेल तो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या बाबाने केलं असतं तर त्याच्या हातून झालं असतं. म्हणून तो दुपारी येतो."

स्वामी फक्त टोपलीची जुनी आवृत्ती परत आणून ठेवत होते आणि हे आपोआपचं बटण चालूच सोडून जात होते. म्हणजे पुढच्या सोमवारी पुन्हा पांढरं, पुन्हा बोलावणं. हे कळल्यावर मला वाटलं सुटलो. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखं काही नव्हतं. "पासवर्ड त्याच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी साइट चालायला हवी असेल, तर तो आधीच हे बटण बंद करून ठेवील."

सोमवारी त्याने तेच केलं.

गर्दी आधीपेक्षा मोठी होती. धाकटीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. ती दारात उभी होती आणि तिची बॅग भरून पायाशी ठेवलेली होती. बॅग कुणी भरली ते मी विचारलं नाही. स्वामी शाल पांघरून खुर्चीत बसले होते. थोरल्याने हात धुतले, पुसले, लॉगिन केलं.

साइट उघडली. फ्रेमच्या रांगा, किमती, 'आपला नंबर पाठवा'.

लोकांमधून कुजबूज निघाली आणि वाढत गेली. स्वामींनी फक्त दाराकडे पाहिलं आणि डोळे मिटले. आप्पा धाकटीकडे वळले, पण नजर तिच्यापर्यंत गेली नाही, बॅगेवरच अडली. "सूनबाई," ते म्हणाले आणि पुढचे शब्द शोधू लागले.

"आप्पा, एक पान उघडायला सांगा त्यांना," धाकटी दारातूनच म्हणाली. "मी आत येत नाही. हात लावत नाही."

स्वामी म्हणाले, आत्ता साइटला छेडू नये. डॉक्टरबाई म्हणाल्या, उघडी असताना लाजते म्हणे, पण आता तर कपडे घातलेत तिने. कुणीतरी हसलं. त्या हसण्याने आप्पांना धीर आला असावा. त्यांनी थोरल्याला मान हलवली. धाकटी सांगत गेली, डावीकडे, खालून दुसरं, आता उजवीकडचं, आणि थोरला चाचपडत दाबत गेला. पान उघडलं. आप्पांनी मोठ्याने वाचलं, "आपोआप अपडेट, बंद."

धाकटीने लॅपटॉप उघडून उंबऱ्यावर ठेवला. गेल्या सोमवारी स्वामी गेल्यानंतर उतरवलेली प्रत. तेच पान. "चालू," आप्पांनी दारापर्यंत येऊन वाचलं.

"त्यानंतर पासवर्ड दोघांकडेच होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग थोरल्याकडे वळून, "तू बंद केलंस?"

"असं पान असतं हेच मला आत्ता कळलं," थोरला म्हणाला. तो ढोंगी नव्हता, फक्त भोळा होता, आणि भोळेपणानेच त्याने त्या घराचं सगळ्यात जास्त नुकसान केलं होतं.

सगळे स्वामींकडे पाहू लागले. मला वाटलं माणूस आता ढासळेल. पण या लोकांना कमी लेखू नये. स्वामी शांतपणे म्हणाले, "साइटनेच ते बंद करून घेतलं. तो हात दूर झाला, साइट बरी झाली, आणि बऱ्या साइटला औषध नको असतं." अर्ध्या गर्दीने माना डोलावल्या. औषधवाल्याने तर दोनदा.

"मग चालू करू या," धाकटी म्हणाली. "आप्पा, तुमच्या हाताने. साइट बरी असेल तर तिला काही होणार नाही."

"खुळी आहेस का," थोरला म्हणाला. "ऑर्डरी आहेत आत. गेली म्हणजे?"

"गेली तर परत आणता येते. तेही आप्पाच आणतील. मी इथेच उभी राहीन." तिने पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे बोट दाखवलं. "आणि नाही आली, तर मी जाते. कुणी सांगायला नको."

आप्पांनी माउसवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून उभे राहिले. या हाताने त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले. तेवढ्यात जाणवलं की मागच्या खोलीतलं मशीन थांबलंय. धाकटा बाहेर आला. काचेच्या भुकटीने हात पांढरे झालेले. लोकांतून वाट काढत तो दारापर्यंत गेला, उंबरा ओलांडून बायकोच्या शेजारी उभा राहिला आणि तिची बॅग उचलून खांद्याला लावली.

"दाबा, आप्पा," तो म्हणाला. "नाही जमलं तर आम्ही दोघं जाऊ."

आप्पांनी आपोआपचं बटण चालू केलं. मग धाकटीने सांगितल्याप्रमाणे अपडेटसाठी 'आत्ताच तपासा' दाबलं. पडद्यावर एक छोटं चक्र फिरू लागलं. ते फिरत राहिलं. मग थांबलं, आणि पडदा पांढरा झाला.

दारातल्या बाईचा हात दारातच होता आणि कॉम्प्युटर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. पांढरं झालं होतं ते आप्पांच्या बोटाखाली.

स्वामींनी शाल सावरली. "पाठ फिरवा," ते म्हणाले. "मी उठवतो."

कुणी पाठ फिरवली नाही. गर्दीत आलेल्या त्या आजीबाईंनीसुद्धा नाही.

"राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज यजमानांनाच उठवू द्या."

धाकटी दारातून सांगत गेली. फोल्डरांची यादी उघडा. त्यात फॉर्म नावाचं आहे ते शोधा. त्याच्या नावापुढे कुठलाही एक आकडा जोडा. आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला, परत नाकावर आणला, एक एक बटण शोधून दाबलं. आता साइट परत बोलवा. आप्पांनी बोलावली.

फ्रेमच्या रांगा आल्या. किमती आल्या. फक्त 'आपला नंबर पाठवा' हे बटण आलं नाही.

"ते येणार नाही," धाकटी म्हणाली. "तोच फॉर्म झोपवलाय आपण. त्याला टोपलीची नवी आवृत्ती चालत नाही. दुसरा फॉर्म शोधावा लागेल, आणि पुढच्या वेळी आधी प्रतीवर करून पाहायचं, मग खऱ्या साइटवर."

आप्पा पडद्याकडे पाहत राहिले. "एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

गडबडीत स्वामी उठले ते वाट काढत निघाले. घाईत शालीचं टोक खुर्चीत अडकलं आणि शाल मागे राहिली. डॉक्टरबाईंनी ती दोन बोटांनी उचलली. खाली बिनतारी कीबोर्ड होता, तळहाताएवढा. बोटांचा जप त्यावर चालायचा. तळवा पडद्यावर असायचा तो लोकांसाठी, दुसरा हात शालीखाली असायचा तो कामासाठी.

आप्पांनी माफी मागितली का, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. मागितली असं म्हणता येणार नाही. त्या वयाच्या माणसांना तो शब्द उच्चारता येत नाही. त्यांनी थोरल्याकडून नवा पासवर्ड घेतला आणि अख्ख्या गर्दीसमोर, खड्या आवाजात, अक्षर न् अक्षर धाकटीला वाचून दाखवला. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. धाकटी उंबरा ओलांडून आत आली, हसावं की रडावं ते न ठरवता, आणि तिने पहिलं काम पासवर्ड पुन्हा बदलायचं केलं. धाकट्याने बॅग खांद्यावरून उतरवली नाही. तो तसाच मागे गेला आणि तसाच कामाला लागला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याच दिवशी औषधवाला आला, आपला लॅपटॉप हातावर धरून. त्याच्याही साइटवर कसलीतरी अपडेट झाली होती आणि अर्धं पान गायब होतं. "वहिनी, जरा हात लावा," तो अजिजीने म्हणाला. "तुमच्या हाताला गुण आहे. काल सगळ्यांनी पाहिलं."

काल सगळ्यांनी जे पाहिलं ते नेमकं उलटं होतं. साइट पडताना आणि उठताना त्या हाताने तिला स्पर्शही केला नव्हता. पण वाईट हात गेला की लोकांना लगेच चांगला हात हवा असतो. हाताशिवाय गोष्ट घडते, हे पचायला सगळ्यात जड.

धाकटीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवले. "हात तुमचाच लावा," ती म्हणाली. "मी नुसतं सांगते. काल काय बदललं, तिथून सुरुवात करा. आणि एका वेळी एकच बदल."

औषधवाल्याला ते आवडलं नाही. तो कुरकुरत बसला, पण बसला. थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावरचं अर्धं पान जागेवर आलं, त्याच्याच बोटाने, आणि त्याने आजूबाजूला पाहिलं की कुणाला नमस्कार करावा. समोर कुणी नव्हतं. धाकटी एका गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत होती.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एखादी गोष्ट बिघडली की माणूस शोधू नका, कारण शोधा. कारण सापडेपर्यंत कुणाच्या हाताला, पायाला, नजरेला नाव देऊ नका; माहेरची बॅग तर मुळीच भरू नका. आणि कुणी पाठ फिरवायला सांगितली, तर वळून बघा.